प्रिंटरची किंमत आणि तुलाधाराचा तराजू

तालुक्याच्या गावात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबाऱ्याच्या प्रती आणि प्रतिज्ञापत्रांचे टायपिंग करून पोट भरणारा माणूस प्रिंटर घ्यायला जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, 'केवढ्याला पडेल?' प्रश्न नेमका आहे. त्याला मिळणारे उत्तर मात्र दुसऱ्याच प्रश्नाचे असते. दुकानदार यंत्राची किंमत सांगतो. ते यंत्र केवढ्याला पडेल हे पुढच्या तीन-चार वर्षांत किती पाने छापली जातील, शाई किंवा टोनर कितीला मिळेल आणि तो कोणाकडून घेण्याची मुभा राहील, यावर ठरते. या दोन उत्तरांमधल्या अंतरावर एक मोठा धंदा उभा आहे. त्या अंतराकडे आपण आजवर हिशेबाची बाब म्हणून पाहत आलो. माझ्या मते ती धर्माची बाब आहे, एक माणूस दुसऱ्याचे काय देणे लागतो या जुन्या अर्थाने. ज्या किमतीची मांडणीच अशी केलेली असते की तिचा मोठा भाग घेणाऱ्याच्या नजरेआड राहावा, ती किंमत, तिच्यातला एकेक आकडा खरा असला तरी, असत्य असते. एवढेच मला सांगायचे आहे, आणि त्यावर येणारे आक्षेप बळकट आहेत म्हणून ते सविस्तर सांगायचे आहे.

आधी हिशेब समोर ठेवू. समजा, कार्ट्रिजवर चालणारा एक इंकजेट चार हजारांना मिळतो आणि अस्सल कार्ट्रिज वापरल्यास त्याचे एक पान चार रुपयांना पडते. शेजारीच शाईच्या टाकीचा प्रिंटर चौदा हजारांना आहे आणि त्याचे पान वीस पैशांना पडते. आकडे सोयीसाठी धरले आहेत, मॉडेलगणिक ते बदलतात; तफावत मात्र याच जातीची असते. यंत्रांच्या किमतीत दहा हजारांचा फरक, पानामागे तीन रुपये ऐंशी पैशांचा. म्हणजे सुमारे २,६३० पाने छापली की दोन्ही यंत्रे सारखीच पडली. रोज शंभर पाने छापणाऱ्या सेवा केंद्राला तिथे पोचायला महिनाही लागत नाही, आणि त्यानंतर दर हजार पानांमागे स्वस्त यंत्राचा मालक तीन हजार आठशे रुपये जास्त मोजत राहतो. उलट, महिन्याला वीस पाने छापणाऱ्या शिलाईच्या दुकानाला तेवढी पाने व्हायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. त्याच्यासाठी स्वस्त यंत्र खरोखरच स्वस्त आहे. तेव्हा यंत्र स्वस्त असण्यात काही पाप नाही. आपण या दोघांपैकी कोण, हे ओळखायला जो एक आकडा लागतो, तो पानामागचा खर्च, कार्ट्रिजच्या यंत्राच्या खोक्यावर सहसा सापडत नाही. टाकीच्या यंत्रांच्या जाहिरातीत तो ठळक अक्षरांत असतो. म्हणजे आकडा काढता येतो, छापताही येतो. जिथे तो सोयीचा आहे तिथेच तो छापला जातो.

यावर कोणी म्हणेल, असत्य हा शब्द फार जड झाला. खोटे तर कोणीच बोललेले नाही. याच जागी महाभारत कामाला येते. द्रोणपर्वात युधिष्ठिर द्रोणाचार्यांना जे सांगतो, त्यातला शब्द न् शब्द खरा ठरवता येतो, कारण अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेलेलाच होता. तरीही तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्यानंतर जमिनीला टेकला. व्यासांनी शब्द तपासले नाहीत. ऐकणाऱ्याने काय समजावे म्हणून ते वाक्य रचले होते, हे तपासले. रोमच्या सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात हीच कसोटी थेट व्यापाऱ्याला लावली आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्याचे भाव कडाडले आहेत आणि अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी गलबतभर धान्य घेऊन पोचला आहे. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे का? बाबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जे दोष सांगायचे ते सांगितले की झाले; गप्प राहणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे; पण ज्याला कळण्यात हित आहे त्याला ते कळू नये, अशी इच्छा तुम्ही स्वतःच्या नफ्यासाठी धरता तेव्हा ते लपवणेच असते. जैन परंपरा याहून कडक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात खोटी मापे आणि बनावट मालाचा व्यवहार यांची गणना अचौर्य व्रताच्या दोषांमध्ये केली आहे. मापातली लबाडी त्यांनी खोटे बोलण्याच्या खात्यात न टाकता चोरीच्या खात्यात टाकली. प्रिंटरचा व्यवहार ऱ्होड्सच्या धान्यापेक्षाही एक पायरी पुढचा आहे, असे मला वाटते. त्या व्यापाऱ्याला मागची गलबते योगायोगाने ठाऊक झाली होती. इथे यंत्र कितीला द्यायचे, शाई कितीला द्यायची आणि दोन्हींमध्ये नफा कुठे ठेवायचा, हे सगळे बनवणाऱ्यानेच ठरवलेले असते.

डायोजेनिसचा आक्षेप आजच्या भाषेत असा येतो: कार्ट्रिजवर पानांची संख्या दिलेली असते, किंमत छापलेली असते, भागाकार करायला काय होते? धंदा करणाऱ्याने एवढाही हिशेब करू नये का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण घेणाऱ्याचीही काही जबाबदारी असतेच. पण तो भागाकार वाटतो तितका सरळ नाही. पानांची ती संख्या आयएसओच्या ठरावीक चाचणीतून येते. काळ्या टोनरसाठी १९७५२ आणि रंगीत इंकजेटसाठी २४७११ या क्रमांकांची मानके आहेत. त्या चाचण्यांत ठरावीक मजकुराची पाने एकापाठोपाठ एक, न थांबता छापली जातात. दुकानात असे होत नाही. सकाळी दोन पाने, दुपारी एक हॉल तिकीट, संध्याकाळी आधार कार्डाची पानभर रंगीत प्रत, आणि मधल्या प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना हेड साफ करण्यात जाणारी शाई. शिवाय अनेक लेझर यंत्रांबरोबर येणारे पहिले टोनर अर्धवट भरलेले असते, आणि खरेदीचा पहिला अंदाज ग्राहक त्यावरच बांधतो. हिशेब करता येतो हे खरे, पण तो करणाऱ्याला मुद्दाम शोधत जावे लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. स्पर्धा असली की हे आपोआप सुधारेल, ही आशा अर्थशास्त्रानेच मोडीत काढली आहे. झाव्हिए गाबे आणि डेव्हिड लेबसन यांनी २००६ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रिंटर आणि शाई हेच उदाहरण घेतले होते. त्यांचा युक्तिवाद असा: एखाद्या कंपनीने पुढे होऊन ग्राहकाला सगळा हिशेब समजावला, तर शहाणा झालेला ग्राहक तिच्याकडे येईलच असे नाही. तो प्रतिस्पर्ध्याचे तोट्यात विकलेले यंत्र घेईल आणि त्याची महाग शाई टाळेल. म्हणजे खरे सांगणाऱ्याला खरे सांगून काहीच मिळत नाही, आणि म्हणून सगळेच गप्प राहतात. बाजार जिथे सत्याला मोबदला देत नाही तिथे सत्य सांगण्याचे कारण बाजाराबाहेरूनच यावे लागते. धर्मविचाराचा व्यापाराशी संबंध येतो तो या जागी.

डायोजेनिसच्या बाजूचा उरलासुरला आधार कार्ट्रिजवरच्या, ते अस्सल आहे का हे यंत्राला कळवणाऱ्या चिपने काढून घेतला. खरेदीच्या दिवशी कितीही चोख हिशेब केला, तरी अटी नंतर बदलणार असतील तर तो हिशेब कशाचा? १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या काही ऑफिसजेट यंत्रांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिजे स्वीकारणे एकाएकी बंद केले. आदल्या दिवशीपर्यंत तीच कार्ट्रिजे चालत होती. ग्राहक संतापल्यावर कंपनीने नीट कळवले नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि ते बंधन काढणारी आवृत्ती दिली, पण बंधनाची पद्धत पुढेही चालू राहिली. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एचपीला एक कोटी युरोचा दंड केला, त्यामागे ग्राहकांना या मर्यादेची पुरेशी कल्पना दिली नाही हे एक कारण होते. बंधन घातले याहून ते सांगितले नाही, यावर त्या प्राधिकरणाने ठेवलेले बोट मला महत्त्वाचे वाटते. कंपन्या सांगतात की चिप दर्जासाठी आणि सुरक्षिततेसाठी आहे. त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. रिफिल केलेल्या कार्ट्रिजमधून पावडर सांडते, पानावर राखाडी झाक येते, ड्रम लवकर झिजतो, हे कोणताही दुरुस्तीवाला सांगेल. पण २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा कॅननला आपल्या काही यंत्रांची टोनर कार्ट्रिजे चिपशिवाय बाजारात आणावी लागली, आणि यंत्राने इशारा दिला तर तो कसा बाजूला सारायचा हे कंपनीनेच ग्राहकांना समजावले. टोनर किती उरले ते कदाचित दिसणार नाही, छपाई मात्र नीट होईल, असे तिचे सांगणे होते. दर्जासाठी चिप अटळ असती तर हे शक्य झाले नसते.

आता सगळ्यात बळकट आक्षेप. तो गरिबाच्या बाजूने येतो म्हणून त्याला जास्त मान द्यायला हवा. ज्याच्या हातात चारच हजार आहेत, त्याला चौदा हजारांच्या यंत्राचा उपदेश काय कामाचा? कंपनीने यंत्र तोट्यात देऊन त्याला धंद्याला लावले आणि जसजशी कमाई झाली तसतसे शाईतून वसूल केले, तर ती एक प्रकारची उधारीच झाली. पतपुरवठा करणाऱ्याला दोष का द्यायचा? या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. थोडे थोडे फेडण्याची सोय ही मोठी सोय आहे. पण कर्ज देणाऱ्याला हप्ता किती, किती महिन्यांचा आणि व्याज किती, हे लिहून द्यावे लागते. शाईतून फेडल्या जाणाऱ्या कर्जाला मुदत नाही, शेवटचा हप्ता नाही, आणि जो जास्त राबतो तो जास्त फेडतो. मुद्दल कधीच वसूल झाले तरी हप्ता तोच राहतो. दुसरे असे, की गरीब ग्राहकाला खरोखर काय हवे होते ते त्याने स्वतःच दाखवून दिले. इंडोनेशियात दुकानदार कार्ट्रिजच्या यंत्रांना बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडत होते. ते पाहून एप्सनने २०१० मध्ये तिथेच स्वतःचा टाकीचा प्रिंटर आणला, आणि मग भारतासारख्या देशांत तो पसरला. आज एचपी, कॅनन, ब्रदर सगळेच टाकीची यंत्रे विकतात. कमी पैशांत धंदा चालवणाऱ्यांनी आधी जास्त मोजून पुढे मोकळे राहणे पसंत केले. त्यांच्या वतीने उधारीचे समर्थन करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

संशोधनाचा खर्च भरून काढायला नको का, असेही विचारले जाते. जरूर काढावा. नफा वाईट असे तुलाधारही म्हणत नाही. शांतिपर्वातला हा तुलाधार वाराणसीचा साधा दुकानदार. जाजली नावाच्या तपस्व्याच्या जटांमध्ये पक्ष्यांनी घरटे केले, अंडी घातली, पिल्ले उडून गेली, तोवर तो हलला नाही. आणि मग आपल्याइतका धर्म कोणाला कळला, असा त्याला गर्व झाला. तेव्हा त्याला याच वाण्याकडे पाठवले जाते. तुलाधार सुगंधी द्रव्ये आणि किरकोळ वस्तू विकतो, मद्य विकत नाही, आणि आपल्या धर्माचा सारांश सांगतो तो आपल्या तराजूतून: तो सगळ्यांसाठी सारखा आहे. ही कथा मला फार मोलाची वाटते, कारण एवढ्याशा व्यवहारात धर्म कसला शोधायचा, या शंकेला तीत उत्तर आहे. तराजू समोर टांगलेला असतो, त्याची दोन्ही पारडी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकदमच दिसतात. प्रिंटरच्या व्यवहारात एक पारडे आज दुकानात दिसते आणि दुसरे चार वर्षांनी, तेही ज्याने पावत्या जपून ठेवल्या असतील त्यालाच.

इथे हुशार ग्राहकालाही सोडून चालणार नाही. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० ही यंत्रे आपल्याकडे वकिलांच्या टेबलांवर, ग्रामपंचायतींत, शाळांच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे टिकली, कारण त्यांच्या कार्ट्रिजला चिप नाही. सुमारे दोन हजार पानांचे एचपीचे १२ए कार्ट्रिज रिकामे झाले की पावडर भरून पुन्हा लावायचे. हा व्यवहार मला पूर्ण प्रामाणिक वाटतो; घेतलेली वस्तू दुरुस्त करून, भरून वापरणे हा मालकाचा हक्क आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात हेच सांगितले: कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला, मग ते पुन्हा भरून विकायला पेटंटच्या नावाने अडवता येणार नाही. पण गाबे आणि लेबसन यांच्या मांडणीतून एक अवघड गोष्ट निघते. स्वस्त यंत्र आणि स्वस्त रिफिल अशी दोन्हींची गोडी ज्याला मिळते, त्याच्या यंत्रातला तोटा हिशेब न समजलेला कोणीतरी महाग शाई घेऊन भरत असतो. हुशाराची सवलत साध्याभोळ्याच्या खिशातून येते. हुशार माणसाने म्हणून रिफिल सोडून द्यावे, असे मी म्हणणार नाही. पण आपल्याला हिशेब समजला म्हणजे प्रश्न मिटला, असेही त्याने समजू नये. शेजारच्या गाळ्यातल्या नव्या माणसाला तो हिशेब सांगणे, हे त्याचे देणे आहे.

आणि प्रिंटर घेणारा हा दुकानदार स्वतः विकणाराही आहे. त्याच्या काउंटरवर उभा असलेला विद्यार्थी फॉर्मची शेवटची तारीख गाठायला धावत आलेला असतो. तेव्हा काळ्या प्रतीचा दर एक, रंगीत प्रतीचा दुसरा, फॉर्म भरण्याचा तिसरा, हे फलकावर लिहिलेले असणे आणि काम झाल्यावर तोंडी सांगणे यांत धर्माचा तोच फरक आहे. पाण्याने पसरणाऱ्या शाईवर प्रतिज्ञापत्र छापून देणाऱ्याने पावसाळ्यात ते कचेरीपर्यंत नेणाऱ्याला एक शब्द सांगायला हवा. कंपनीने आपल्याला पूर्ण किंमत सांगावी असे ज्याला वाटते, त्याने ती आपल्या गिऱ्हाइकालाही सांगावी.

मग घ्यावा कोणता? रोज पन्नास-शंभर पाने, तीही मुख्यतः काळ्या अक्षरांची आणि पोलीस ठाण्यात, न्यायालयात, तहसिलीत जाणारी, असे काम असेल तर पावडर भरता येईल असा लेझर. त्याची अक्षरे पावसात पसरत नाहीत आणि आठवडाभर बंद ठेवला तरी तो सुकत नाही. रंगीत काम रोजचे असेल तर टाकीचा. पण टाकीच्या यंत्राचाही एक लपलेला खर्च आहे: हेड साफ करताना वाया जाणारी शाई एका पॅडमध्ये साठते, आणि मोजणी भरली की यंत्र थांबते. काही मॉडेलमध्ये तो भाग स्वतः बदलता येतो, काहींत सेवा केंद्र गाठावे लागते. बंद दुकानात मे महिन्याच्या उन्हात हेड सुकते ते वेगळेच. हे जो विक्रेता आपणहून सांगेल त्याच्याकडून घ्यावे, चार पैसे जास्त लागले तरी. यंत्राच्या निवडीइतकीच, किंबहुना तिच्याआधी, विक्रेत्याची निवड आहे.

हे सगळे एकेकट्याच्या सचोटीवर सोडण्याचे कारण नाही. २००६ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तारांकित लेबल सुरू केले, आणि आज फ्रिजवर, एसीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेले असते. बिस्किटांच्या पुड्यावर आता ग्रॅममागची किंमतही द्यावी लागते. चालवण्याचा खर्च खोक्यावर छापता येत नाही, असे मग कोणी म्हणू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ धंद्यासाठी माल घेणाऱ्याला सहसा ग्राहक मानत नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा त्यात ग्राहकच ठरतो, आणि वस्तूचा दर्जा, प्रमाण व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क त्याला आहे. सेवा केंद्र चालवणारे, टायपिंग करणारे, झेरॉक्सवाले यांच्या तालुका-जिल्हा संघटनांनी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे एकच मागणी करावी: प्रत्येक प्रिंटरच्या खोक्यावर, कमाल किरकोळ किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, अस्सल शाईने किंवा टोनरने पडणारा एका पानाचा खर्च, आणि बाहेरची शाई चालेल की नाही, हे छापलेले असावे. तोवर खरेदीच्या वेळी हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा.